ते ४,०९६ बाइट कोण भरतो?

लोकांची माहिती क्लाउडवर ठेवणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक संस्थेने निविदेत एक अट घालायलाच हवी. ज्या आभासी यंत्रात (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) ही माहिती उघडली जाणार, ते यंत्र सुरू होताना त्याच्या प्रोसेसरच्या रजिस्टरांत, म्हणजे आतल्या छोट्या साठवण-खान्यांत, काय काय भरले होते, याचा पूर्ण तपशील कंपनीने द्यावा; शीर्षकातले ४,०९६ बाइट ते हेच. आणि तो खरा आहे की नाही, हे कंपनीबाहेरच्या माणसाला स्वतः मोजून पाहता यावे. इंदूरमध्ये ही मागणी कोणी करताना मला दिसत नाही. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसची आवारे उभी आहेत, परदेशीपुऱ्यात इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स आहे, सिमरोलला आयआयटी आहे. जाणकारांची या गावात वाण नाही. तरीही शहरातल्या एका संस्थेच्या सर्व्हर-खरेदीचा मसुदा माझ्यासमोर आला, तेव्हा सुरक्षेबद्दल त्यात एकच ओळ होती: डेटा एन्क्रिप्टेड असावा. कुठे एन्क्रिप्टेड, कोणापासून, आणि ते तपासणार कोण, याबद्दल एक अक्षर नव्हते.

यातला कळीचा प्रश्न ‘कोणापासून’ हा आहे. डिस्कवरची माहिती एन्क्रिप्ट करता येते, तारेवरून जाणारीही येते. पण तिच्यावर काम करायचे तर ती मेमरीत उघडावी लागते, आणि मेमरी ज्याच्या यंत्राची त्याला ती वाचता येते. एका भौतिक सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकांची आभासी यंत्रे चालवणारा हायपरवायझर क्लाउड कंपनीच्या ताब्यात असतो. म्हणजे मध्य प्रदेशच्या समग्र आयडीमागची कुटुंबाची नोंद असो, इंदूरच्या एमवाय रुग्णालयातल्या रुग्णाचा अहवाल असो की एखाद्या सहकारी बँकेचे खाते, ती माहिती अशा सर्व्हरवर गेली की तिची गुप्तता त्या कंपनीच्या, तिच्या प्रत्येक प्रशासकाच्या आणि हायपरवायझरमध्ये शिरकाव केलेल्या कोणाही परक्याच्या मर्जीवर उरते.

ही अडचण ओळखून प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने २०१६ मध्ये एसईव्ही नावाचे तंत्र जाहीर केले. प्रत्येक आभासी यंत्राची मेमरी वेगळ्या किल्लीने एन्क्रिप्ट करायची, आणि ती किल्ली हायपरवायझरला कळूच द्यायची नाही; ती प्रोसेसरच्या आत बसवलेल्या एका छोट्या सुरक्षा-प्रोसेसरकडे राहते. पुढे एसईव्ही-ईएस आले आणि रजिस्टरेही झाकली गेली. २०२० मध्ये एसईव्ही-एसएनपीचा आराखडा आला, २०२१ च्या एपिक प्रोसेसरांत तो उतरला. इंटेलचे टीडीएक्सही याच वाटेवरचे.

पण एन्क्रिप्शनने अर्धेच काम होते. त्या झाकलेल्या यंत्रात मुळात कोणता प्रोग्राम चालू आहे, हे कळायला नको का? हल्लेखोराने आपलाच प्रोग्राम आत घालून यंत्र सुरू केले, तरी मेमरी एन्क्रिप्टेडच राहील, आणि आपली माहिती आपण आपल्या हाताने त्याच्या स्वाधीन करू. म्हणून अटेस्टेशन, म्हणजे आत काय घातले आहे याचा प्रोसेसरने दिलेला दाखला. एसएनपी यंत्राला प्रोसेसरकडून एक अहवाल मागता येतो. तो १,१८४ बाइटचा असतो, आणि त्यात ४८ बाइटचा एक आकडा असतो: यंत्र उभे करताना मेमरीत जे जे घातले, त्या सगळ्याचा एसएचए-३८४ ठसा, म्हणजे गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण. खाली त्या चिपच्या स्वतःच्या किल्लीची सही असते, आणि त्या किल्लीचे प्रमाणपत्र थेट एएमडीकडून पडताळता येते. गिऱ्हाइकाने सही तपासायची, ४८ बाइट आपल्याकडच्या अपेक्षित आकड्याशी ताडून पाहायचे, आणि जुळले तरच डिस्कची किल्ली त्या यंत्राला द्यायची.

हा अपेक्षित आकडा आणायचा कुठून? सारी गोम इथे आहे. कंपनीने कळवलेला आकडा कंपनीच्याच यंत्राच्या अहवालाशी जुळला, तर कंपनी काल जे बोलली तेच आज बोलते आहे, एवढेच कळते. पडताळणी झाली असे म्हणायचे तर आकडा आपण आपल्या यंत्रावर, मूळ साहित्यापासून काढलेला हवा. या साहित्यातला मोठा भाग मिळतो. सुरुवातीचे फर्मवेअर (यंत्र जागे होताच सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) बहुधा ओव्हीएमएफ असते. त्याचा सोर्स खुला आहे, कोणीही ते बांधून पाहावे. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), त्याची सुरुवातीची डिस्क-प्रतिमा आणि कमांड लाइन यांचे ठसेही मोजणीत घेता येतात. उरते एक पान, रजिस्टरांतल्या सुरुवातीच्या मूल्यांचे. ते फर्मवेअरच्या फाइलीत नसते, गिऱ्हाइकाच्या डिस्कवरही नसते. हायपरवायझर ते ऐनवेळी स्वतः भरून सुरक्षा-प्रोसेसरच्या हाती देतो. त्याला व्हीएमएसए म्हणतात, त्याचा आकार ४,०९६ बाइट, आणि प्रत्येक आभासी प्रोसेसरसाठी असे एक पान लागते. यंत्राला चार प्रोसेसर दिले तर चार पाने मोजणीत येतात, आठ दिले तर आठ. त्यामुळे फर्मवेअर तेच, कर्नल तोच, तरी प्रोसेसरांची संख्या बदलली की ४८ बाइटचा आकडा साफ वेगळा निघतो.

या पानावर काय असते ते जरा सविस्तर सांगायला हवे, कारण वाद नेमका त्यावर आहे. एक्स-८६ घराण्यातला प्रोसेसर जागा झाला की पहिली सूचना ४ जीबीच्या हद्दीच्या बरोबर १६ बाइट अलीकडून उचलतो. १९८५ च्या ८०३८६ पासूनची ही रीत आहे. पहिल्या आभासी प्रोसेसरच्या व्हीएमएसएत हीच जागा लिहिलेली असते. बाकीच्या प्रोसेसरांनी कुठून सुरू व्हायचे ती जागा मात्र वेगळी असू शकते, आणि ती फर्मवेअरच्या शेवटाकडच्या एका तक्त्यातून वाचून भरावी लागते. त्याशिवाय कंट्रोल रजिस्टरे, सेगमेंटांचे (मेमरीच्या भागांचे) गुणधर्म, फ्लॅग, अपूर्णांकांचे गणित करणाऱ्या भागाची सुरुवातीची मांडणी, आणि एसईव्हीच्या कोणकोणत्या सोयी या यंत्रात चालू आहेत ते सांगणारी एक नोंद. आरडीएक्स रजिस्टरमध्ये प्रोसेसरच्या पिढीची आणि मॉडेलची खूण असू शकते, आणि ती असेल तर मॉडेल बदलले की पानही बदलते. उरलेले बहुतेक सगळे शून्य.

आता हेच फर्मवेअर दोन वेगवेगळ्या हायपरवायझरांवर चालवून पाहा. दोन्हींनी भरलेली पाने सारखी निघत नाहीत. स्टॅक सेगमेंटच्या गुणधर्मात एक जण सोळाच्या पायातले ९३ लिहितो, दुसरा ९२. फरक एका बिटाचा, आणि तो बिट एवढेच सांगतो की हा सेगमेंट आधी वापरला गेला आहे. आरडीएक्समध्ये कोणी मॉडेलची खूण भरतो, कोणी शून्य ठेवतो. यात कोणाचीही लबाडी नाही. प्रत्येकाने घेतलेला निर्णय चालण्याजोगाच आहे. पण एक बिट इकडचा तिकडे झाला की ठसा जुळत नाही, आणि ज्याला तो बिट ठाऊक नाही त्याला स्वतःचा आकडा काढताच येत नाही. मग त्याच्यापुढे एकच वाट उरते: कंपनीने दिलेला आकडा उतरवून घेणे. ज्या कंपनीच्या सचोटीवर विसंबून राहायला लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप केला, तिच्यावर विसंबणे या एका पानाच्या वाटेने पुन्हा आत येते.

पान एवढेसे, त्याने काय बिघडणार, असे कोणी म्हणेल तर त्याचे उत्तर पहिल्या एसईव्हीत आहे. तिथे प्रोसेसरची सुरुवातीची स्थिती मोजणीत नव्हतीच. मेमरीत अस्सल फर्मवेअर, ठसा जुळणारा, आणि तरीही प्रोसेसरने कोणत्या ओळीपासून सुरू व्हायचे हे हायपरवायझरच्या हाती. कर्नलचा ठसा तपासणारा फर्मवेअरमधला भाग ओलांडून त्याच्या पुढच्या ओळीपासून सुरुवात करून दिली, तर प्रत्येक बाइट अस्सल असूनही तपासणी झालेली नसते. २०२१ मध्ये ल्युबेक विद्यापीठातल्या संशोधकांनी याच जातीची आणखी एक फट दाखवली. एसईव्ही आणि एसईव्ही-ईएसच्या मोजणीत बाइट येत होते, पण ते मेमरीत कोणत्या पत्त्यावर ठेवले हे येत नव्हते. अस्सल फर्मवेअरचे १६-१६ बाइटचे तुकडे त्याच क्रमाने भरले, फक्त भलत्या जागी ठेवले, तर ठसा तोच येई आणि चालणारा प्रोग्राम मात्र दुसराच असे. एएमडीने एसएनपीमध्ये प्रत्येक पानाचा पत्ताही मोजणीत धरला तेव्हा ही फट बुजली. मोजणीतून जे सुटते त्याचे हत्यार करता येते, हे या दोन्ही प्रकरणांत दिसले आहे. त्यामुळे व्हीएमएसए मोजणीत आले हे फार चांगले झाले. पण जे मोजले जाते ते वाचता न येणे, ही आता आपल्या बाजूची उणीव आहे.

उलट बाजूचा प्रसंगही घडून गेला आहे आणि तो मला जास्त बोलका वाटतो. लिनक्सच्या केव्हीएम हायपरवायझरमध्ये २०२३ साली डीबगस्वॅप नावाची सोय आली. एन्क्रिप्टेड यंत्राच्या आत प्रोग्राममधले दोष शोधताना ब्रेकपॉइंट (प्रोग्राम हव्या त्या ठिकाणी थांबवणाऱ्या खुणा) वापरता यावेत, एवढाच तिचा हेतू. ती आपोआप चालू राहील अशी ठेवली होती. पण ही सोय चालू आहे की बंद, हे व्हीएमएसएत नोंदले जाते. परिणाम असा की यजमान सर्व्हरचा कर्नल अद्ययावत केला, गिऱ्हाइकाच्या यंत्रात कशालाही हात लावला नाही, आणि तरी अटेस्टेशनचा आकडा बदलला. मार्च २०२४ मध्ये केव्हीएमच्या देखभालकर्त्यांनी ती सोय आपोआप चालू होणे बंद केले, आणि कारण स्पष्ट लिहिले: त्यामुळे अटेस्टेशन जुळेनासे होते.

ज्या संस्थेकडे फक्त ४८ बाइटचा एक आकडा लिहून ठेवलेला असेल, तिने अशा वेळी काय करावे? आकडा जुळत नाही एवढेच तिला दिसते. हल्ला झाला, की सर्व्हरवर नवा कर्नल आला, हे ओळखायचे साधन तिच्याकडे नाही. तिकडे सकाळी दहाला खिडकीवर रांग लागलेली असते. अशा घाईत तपासणीच बंद करून टाकावी असा मोह होतो, आणि एकदा बंद केलेली तपासणी पुन्हा सुरू करायला कोणाला सवड होत नाही. ज्याला पान वाचता येते तो मात्र अर्ध्या तासात सांगू शकतो की बदललेली जागा एसईव्हीच्या सोयींची नोंद आहे, बदललेला बिट डीबगस्वॅपचा आहे, बाकी ४,०९५ बाइट जसेच्या तसे आहेत. हे वाचणे जादूटोण्यासारखे अवघड नाही. केव्हीएममध्ये डीबग संदेश चालू केले तर यंत्र सुरू होताना तो हे पान कर्नलच्या लॉगमध्ये उतरवून देतो. आपल्या प्रयोगशाळेतल्या एका एपिक सर्व्हरवर ते उतरवून घ्यावे, आपण हिशेबाने बांधलेल्या पानाशी बाइट-बाइट ताडावे. फर्मवेअरची फाइल, प्रोसेसरांची संख्या, मॉडेल आणि हायपरवायझरचा प्रकार दिला की एसएनपीचा अपेक्षित आकडा काढून देणारी खुली साधनेही आहेत. टीडीएक्समध्ये सुरुवातीची स्थिती इंटेलचे मॉड्यूलच ठरवते, हायपरवायझरला ती वाटेल तशी भरता येत नाही. त्यामुळे तिथे हा विशिष्ट त्रास नाही.

कंपन्यांकडून येणारा आक्षेप व्यवसायाच्या गुपिताचा असतो. या पानाबाबत तो टिकत नाही. त्यात गिऱ्हाइकाची किल्ली नसते, कंपनीची कल्पक रचना नसते. प्रोसेसरच्या जाहीर नियमपुस्तकाने ठरवून दिलेली मूल्ये आणि शून्ये असतात. याहून कितीतरी मोठ्या गोष्टी कंपन्यांनीच खुल्या केल्या आहेत. ॲमेझॉनने एसएनपी यंत्रांसाठीच्या आपल्या फर्मवेअरचा सोर्स उघड ठेवला आहे, मायक्रोसॉफ्टने आपल्या आभासी यंत्रांतला ओपनएचसीएल हा थर २०२४ मध्ये खुला केला. पानाचा तपशील मागितल्यावर जी कंपनी देत नाही, तिच्याकडे देण्याजोगे उत्तर तयार नसावे असेच मी धरून चालेन.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि तो मी टाळणार नाही: अटेस्टेशनच फोडता येत असेल तर पान वाचून काय उपयोग? डिसेंबर २०२४ मध्ये ल्यूवेन, ल्युबेक आणि बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी दाखवले, की मेमरीच्या पट्टीवरची एक छोटी चिप खोट्या क्षमतेची माहिती सांगेल अशी केली, तर एसएनपीचा अहवाल खोटा पाडता येतो; सामग्रीचा खर्च सुमारे १० डॉलर. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी उघड केले की एएमडीच्या मायक्रोकोडवरची (प्रोसेसरच्या आतल्या सूक्ष्म प्रोग्रामवरची) सही तपासण्यात दोष होता, आणि यजमान सर्व्हरचा प्रशासक हवा तो मायक्रोकोड घालू शकत होता. हे किरकोळ नाही. ज्याच्या हातात सर्व्हरची पेटी आहे त्याच्यापासून संपूर्ण संरक्षण आज कोणीही देऊ शकत नाही, आणि तसे सांगणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच परत पाठवावे. पण या दोन्ही दोषांवर एएमडीने फर्मवेअर आणि मायक्रोकोडची दुरुस्ती दिली, आणि अहवालात बूटलोडर, एसएनपी फर्मवेअर, मायक्रोकोड यांच्या आवृत्त्या नोंदलेल्या असतात. दुरुस्ती बसवली की नाही, हे त्याच अहवालातून वाचता येते, पण वाचणारा हवा. जो ४८ बाइट डोळे मिटून ताडतो तो आवृत्तीचे खानेही पाहणार नाही. माझा आग्रह पानाचा असला तरी मुळात तो या वाचण्याच्या सवयीचा आहे.

कायद्याचा रोखही संस्थेवरच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे माहिती दुसऱ्या कोणाकडे प्रक्रियेला दिली तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. रिझर्व्ह बँकेचे आयटी सेवा बाहेरून घेण्याबद्दलचे निर्देश ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले, पण १,००० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका, म्हणजे पहिल्या दोन स्तरांतल्या, त्यातून वगळल्या गेल्या. अशा लहान बँकांत ज्यांची पुंजी आहे त्या पेन्शनरांच्या वतीने हा प्रश्न विचारायला ते निर्देश उपयोगी पडत नाहीत. म्हणून संचालक मंडळानेच तो विचारला पाहिजे.

ते कसे विचारणार, त्यांना व्हीएमएसए काय ठाऊक, हा आक्षेप मला मान्य नाही. सोन्याचा कस संचालकालाही कळत नाही आणि मलाही नाही. पण १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरांच्या एचयूआयडी या ओळख-क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. कस लावते ते वेगळे केंद्र, सराफ नव्हे. आणि इंदूरच्या सराफ्यातून दागिना घेणारी बाई दुकानातच मोबाइलवर तो क्रमांक पडताळू शकते. तिला धातुशास्त्र यावे लागत नाही. तपासणारा विकणाऱ्याहून वेगळा असावा आणि त्याने काढलेला निकाल कोणालाही पाहता यावा, एवढी सोय सोन्यासाठी देशाने करून दाखवली आहे.

माहितीसाठी ती इंदूरमध्ये करता येईल. श्री गोविंदराम सेकसरिया संस्था १९५२ पासून इथे अभियंते घडवते आहे, देवी अहिल्या विद्यापीठाचे अभियांत्रिकी विभाग आहेत, आयआयटी २००९ पासून आहे. यांपैकी एका संस्थेने एक एसएनपी सर्व्हर आणि दोन-तीन जाणती माणसे यांच्या बळावर अपेक्षित आकडे काढून, पानांसकट, प्रसिद्ध करावेत. विद्यार्थ्यांना प्रोसेसर कसा जागा होतो हे पुस्तकातल्या आकृतीऐवजी खऱ्या बाइटांत शिकायला मिळेल, हा मला तरी मोठाच लाभ वाटतो. भोपाळच्या राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास निगमाने आपल्या निविदांत अशा बाहेरच्या मोजणीला जागा ठेवली, तर नगरपालिका आणि रुग्णालये मागोमाग येतील.

निविदेतली कलमे लांबलचक लागत नाहीत. फर्मवेअरचा सोर्स आणि ते जसेच्या तसे बांधण्याची कृती. प्रत्येक यंत्र-प्रकारासाठी पहिल्या आणि बाकीच्या प्रोसेसरांचे व्हीएमएसए, प्रत्येक शून्य नसलेल्या जागेच्या अर्थासह. अहवालात डीबग (हायपरवायझरला मेमरीत डोकावू देणारी मुभा) बंद असल्याची खात्री, आणि फर्मवेअर व मायक्रोकोडच्या किमान आवृत्त्या, ज्यांच्या खाली यंत्राला किल्ली मिळणार नाही. आणि ज्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसेन ते कलम असे: यजमान सर्व्हरवरच्या ज्या बदलाने हे पान बदलणार असेल, तो करण्याआधी किमान ३० दिवस कंपनीने नवे पान कळवावे, म्हणजे मोजणाऱ्या संस्थेला आपला आकडा आधीच काढून ठेवता येईल आणि जुना-नवा दोन्ही आकडे काही काळ चालू ठेवता येतील. आणीबाणीच्या दुरुस्तीला ही मुदत लागू नसावी, पण तेव्हाही नवे पान त्याच दिवशी हाती यावे. आकडा न जुळल्याने यंत्राला किल्ली नाकारली गेली, तर तेवढा काळ सेवा बंद राहिल्याचा दंड संस्थेवर नव्हे तर कंपनीवर बसावा, हेही त्याच कलमात लिहून घ्यावे.